टुटाचा ल्यूर आठवड्यात का संपतो? रबर सेप्ट्यात फेरोमोन भरण्याविषयी

दिंडोरी तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. शेतकरी गटासाठी तो टोमॅटो पोखरणाऱ्या टुटा या किडीचे ल्यूर, म्हणजे सापळ्यात नर पतंगांना ओढणारी वासाची आमिषं, स्वतः बनवतो आहे. फेरोमोन, म्हणजे मादी पतंगाचा नराला बोलावणारा वास, विकत आणलं. इंजेक्शनच्या बाटल्यांना असतात तसली राखाडी रबरी बुचं घाऊक भावात घेतली. फेरोमोन इथेनॉलमध्ये विरघळवून त्यात बुचं रात्रभर बुडवली आणि सकाळी पंख्याखाली वाळवली. सापळ्यात पहिले चार दिवस पतंगांचा खच पडला, आठव्या दिवसापासून शुकशुकाट. शेजारच्या वावरातला विकतचा ल्यूर महिना झाला तरी चालू आहे. त्याला तीन गोष्टी हव्या आहेत: सॉल्व्हंट, म्हणजे फेरोमोन विरघळवायचं द्रव, कोणतं घ्यावं, किती वेळ बुडवावं, आणि मिळालेलं फेरोमोन भेसळीचं तर नाही ना?

शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आधी देतो, म्हणजे तुमची झोप उडणार नाही. फेरोमोन साफ खोटं असतं तर पहिल्या रात्रीही पतंग आला नसता. टुटाचा नर या बाबतीत चोखंदळ आहे. गडबड भरण्यात झालेली दिसते. तुमचं फेरोमोन रबराच्या आत गेलंच नाही, ते पृष्ठभागावर बसून राहिलं. जे वर होतं ते चार दिवसांत उडालं आणि मागे काही उरलं नाही. पहिल्या दिवसांत भरमसाट पतंग आणि मग एकदम शून्य, ही वरवर भरलेल्या ल्यूरची खूणच आहे. नीट भरलेला ल्यूर हळूहळू उतरत जातो, असा एकदम बंद पडत नाही.

आत का गेलं नाही, त्याची दोन कारणं आहेत: तुमचं सॉल्व्हंट आणि तुमचं रबर.

रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचं जाळं. गंधक घालून रबर शिजवतात, व्हल्कनाइज करतात, तेव्हा या साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधल्या जातात. योग्य सॉल्व्हंटमध्ये रबर टाकलं की सॉल्व्हंटचे रेणू साखळ्यांमध्ये शिरतात, त्यांना दूर सारतात आणि रबर फुगतं. गाठी बांधलेल्या असल्यामुळे ते विरघळत मात्र नाही. आत शिरण्याची ओढ आणि जाळ्याचा ताण यांचा तोल जमला की फुगणं थांबतं. फुगलेल्या अवस्थेत जाळं सैल असतं, त्यामुळे सॉल्व्हंटमध्ये विरघळलेलं फेरोमोन त्याच्याबरोबर आत खोलवर जाऊ शकतं. मग सॉल्व्हंट उडून जातं, जाळं पुन्हा आवळतं आणि जड फेरोमोन आत राहतं. तिथून ते आठवडेच्या आठवडे झिरपत पृष्ठभागावर येतं आणि हवेत जातं. सगळी युक्ती एवढीच आहे. १९७० च्या दशकात सफरचंदावरच्या कॉडलिंग मॉथच्या फेरोमोनसाठी हे सेप्टे, म्हणजे खोलगट तोंडाची छोटी रबरी बुचं, वापरात आले. ते मुळात प्रयोगशाळेतल्या काचसामानाची बुचं होती. स्वस्त, एकसारखी आणि सहज मिळणारी म्हणून ती टिकली.

आता सॉल्व्हंट. रबराशी कोणाचं किती जमेल याचा ढोबळ अंदाज विद्राव्यता निर्देशांकावरून येतो. मेगापास्कलच्या वर्गमुळात नैसर्गिक रबराचा आकडा साधारण १७ च्या आसपास येतो. हेक्झेन १५, टोल्युइन १८, डायक्लोरोमिथेन म्हणजे डीसीएम २० आणि इथेनॉल २६. आकडे जितके जवळ, तितकं फुगणं जास्त. इथेनॉल एवढं लांब आहे की त्यात नैसर्गिक रबर जवळजवळ फुगतच नाही. तुम्ही रात्रभराऐवजी आठवडाभर बुडवून ठेवलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. पण फक्त आकड्यावर विसंबू नका. ॲसिटोनचा आकडाही २० च आहे, तरी ध्रुवीय असल्यामुळे ते नैसर्गिक रबराला नीट फुगवत नाही. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन सगळीकडे मिळतं म्हणून कोणी सुचवलं तर ऐकू नका.

प्रत्यक्षात निवड हेक्झेन, हेप्टेन आणि डीसीएम यांच्यातच असते. टोल्युइन उत्तम फुगवतं, पण ते ११० अंशांना उकळतं. ते पूर्ण काढायला फार वेळ लागतो आणि मागे राहिलेला वास ल्यूरला नको. डीसीएम ४० अंशांना उकळतं, झटपट उडतं आणि रबर भरपूर फुगवतं. आपल्याकडे पावसाळ्यात त्याची एक खोड कळते. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असते. डीसीएम वेगाने उडताना रबर इतकं गार पडतं की सेप्ट्यावर आणि त्याच्या खोलगट भागात दव धरतं. काम करणाऱ्या मुलाला वाटतं सॉल्व्हंट अजून ओलं आहे, पण ते पाणी असतं. दुसरी गोष्ट, डीसीएमची घनता १.३३ आहे, म्हणून रबरी सेप्टे बहुधा वर तरंगतात आणि वरची बाजू कोरडी राहते. हेक्झेनची घनता ०.६६, त्यात ते बुडतात. नवख्याने हेक्झेन किंवा हेप्टेनपासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. त्यातही हेप्टेन मिळालं तर ते आधी घ्या. कारण सुरक्षिततेच्या मुद्द्यात सांगतो.

आता रबर. तुम्ही आणलेली राखाडी बुचं बहुधा ब्युटाइल जातीची आहेत, क्लोरोब्युटाइल किंवा ब्रोमोब्युटाइल. औषध कंपन्या ती वापरतात कारण त्यातून हवा, ओल आणि वास आरपार जात नाही. म्हणजे तुम्हाला जे हवं आहे त्याच्या अगदी उलट गुण त्यांच्यात मुद्दाम आणलेला असतो. हेक्झेनमध्ये तीही फुगतील आणि फेरोमोन आत जाईलही, पण वाळल्यावर ते इतक्या संथपणे बाहेर येईल की पतंगाला पत्ता लागणार नाही. शिवाय काही बुचांवर फ्लोरोपॉलिमरचा पातळ थर असतो, तो सॉल्व्हंटला अडवतो. नाशिकच्या सातपूर-अंबड भागात औषध उद्योगामुळे ही बुचं सहज हाताशी येतात, पण ल्यूरसाठी ती घेऊ नका. नैसर्गिक रबराचे सेप्टे मागा आणि पुरवठादाराकडून तसं लिहून घ्या. रंगावरून ओळखायला जाल तर फसाल.

सेप्टे कोणतेही आले तरी पहिलं काम त्यांना ओळखण्याचं. एकाच लॉटमधले दहा सेप्टे घ्या, प्रत्येकाचं वजन मिलिग्रॅमपर्यंत करा, झाकणाच्या काचेच्या बरणीत भरपूर हेक्झेनमध्ये टाका. दर तासाला एकेक काढा, टिपकागदाने झटकन पुसा, वजन करा, परत टाका. पुसण्यात रेंगाळू नका, नाहीतर तेवढ्यात हेक्झेन उडतं. पहिल्या तासात वजन भराभर वाढेल, मग वेग मंदावेल आणि शेवटी आकडा स्थिर होईल. हाताला फरक कळतो: सेप्टा टपोरा होतो, त्याची कड बाहेर वळते, खोलगट तोंड रुंदावतं, चिमट्यात धरला की निसटतो. किती वेळ बुडवावं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर या वजनांच्या तक्त्यात मिळेल. पातळ भिंतीचा सेप्टा काही तासांत भरतो. भरीव भागाची जाडी दुप्पट असेल तर वेळ दुप्पट लागत नाही, जवळजवळ चौपट लागतो. रात्रभर भिजवलेला हरभरा फोडून पाहिला की कधी मधे पांढरी कणी दिसते, तशी कणी सेप्ट्यातही राहते. बाहेरून तो फुगलेला दिसतो, म्हणून फसायला होतं.

ही कणी डोळ्यांनी पाहायची असेल तर मेणबत्तीला घालतात तो तेलात विरघळणारा रंग घ्या. थोडा हेक्झेनमध्ये आणि थोडा इथेनॉलमध्ये विरघळवा, फिक्या रंगाचे सेप्टे दोन्हींत ठेवा, दुसऱ्या दिवशी वाळवून ब्लेडने उभे चिरा. इथेनॉलमधल्याचा रंग सालीपुरता दिसेल, चिरलेली बाजू कोरी. हेक्झेनमधल्यात रंग भिंतीच्या आतपर्यंत गेलेला दिसेल. फेरोमोनचा रेणू आणि रंगाचा रेणू वेगळे, त्यामुळे हे मोजमाप नव्हे. पण गटातल्या लोकांना समजावायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

दहा सेप्ट्यांचं हेच भिजवणं आणखी एक गोष्ट दाखवतं. ते पूर्ण वाळवून पुन्हा वजन केलं तर पहिल्यापेक्षा कमी भरतं. जे गेलं ते रबरातलं तेल, स्टिअरिक ॲसिड, गंधकाबरोबर घातलेल्या प्रवेगक रसायनांचे अवशेष. हे धुऊन काढलेलं चांगलं, कारण यातल्या काही गोष्टी फेरोमोनला बिघडवतात. मी नवीन लॉट नेहमी आधी ताज्या सॉल्व्हंटमध्ये बुडवून, सॉल्व्हंट बदलून धुतो आणि मगच भरतो. पण धुताना रबराचा स्वतःचा अँटिऑक्सिडंट, म्हणजे हवेने बिघडू न देणारं रसायन, तेही निघून जातं. म्हणून भरायच्या द्रावणात बीएचटी हा अँटिऑक्सिडंट घालायलाच हवा.

टुटाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. टुटाच्या फेरोमोनचा मुख्य घटक चौदा कार्बनचा, तीन दुहेरी बंधांचा ॲसिटेट आहे. ते बंध ३, ८ आणि ११ या जागी आहेत. सोबत ३ आणि ८ वर बंध असलेला दुसरा घटक साधारण दहा टक्के. मुख्य घटकात ८ आणि ११ या बंधांच्या मधे एकच कार्बन मोकळा आहे. करडईच्या तेलातल्या लिनोलिक ॲसिडमध्येही अशीच रचना असते आणि तिथूनच तेल खवट होतं. तुमचं फेरोमोनही तिथूनच हवेने बिघडतं. ऊन, उष्णता, हवा यांच्यापासून ते जपा. बाटली उघडली की पुन्हा बंद करताना शक्य असेल तर नायट्रोजन सोडा.

उद्या गटाने दुसऱ्या किडींचे ल्यूर मागितले तर तिथे दुखणी वेगळी आहेत. घाटे अळीचं, म्हणजे हेलिकोव्हर्पाचं फेरोमोन अल्डिहाइड आहे, सोळा कार्बनची दोन अल्डिहाइडं साधारण ९७ ला ३ या प्रमाणात. अल्डिहाइड हवेने आम्ल होतं, आपसात जुळून जड होतं आणि रबरात उरलेल्या अमाइनशीही अभिक्रिया करतं. तंबाखूवरच्या स्पोडोप्टेराच्या मुख्य घटकात दुहेरी बंध लागोपाठ आहेत. गंधकाच्या रबरात आणि उजेडात त्यांची रचना पलटते, आणि पलटलेला रेणू नराला ओळखू येत नाही. वांग्यातल्या शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीचं फेरोमोन त्या मानाने सोशीक आहे, सोळा कार्बनचा ॲसिटेट आणि किंचित अल्कोहोल. म्हणून एका किडीला जमलेली पाककृती दुसरीला तशीच्या तशी लावू नका.

आता भरण्याची पद्धत. दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता एकेक सेप्टा भरण्याचा. सेप्ट्याचं खोलगट तोंड वर करून ते ट्रेमध्ये उभे लावायचे, मायक्रोपिपेटने प्रत्येकात मोजून ५० किंवा १०० मायक्रोलिटर द्रावण सोडायचं. द्रावण रबर हळूहळू पिऊन घेतं. ते आटलं की तेवढंच कोरं हेक्झेन पुन्हा सोडायचं. हा दुसरा थेंब बरेच जण गाळतात. पहिला थेंब वाळताना थोडं फेरोमोन खोलगट भागाच्या तळाशी आणि कडेला साचून राहतं, दुसऱ्या थेंबाने ते आत ओढलं जातं. या पद्धतीत प्रत्येक सेप्ट्यात किती गेलं याची खात्री असते. काम मात्र सावकाश चालतं आणि पिपेट चालवणाऱ्याचा हात स्थिर लागतो. द्रावणाची बाटली उघडी ठेवू नका. हेक्झेन उडत राहतं, द्रावण घट्ट होत जातं, आणि शेवटच्या ट्रेमधल्या सेप्ट्यांत पहिल्या ट्रेपेक्षा जास्त माल जातो.

दुसरा रस्ता तुमच्यासारखा, सगळे एकदम भरण्याचा. यात तुम्ही केलंत तसं भरपूर द्रावणात बुडवून, उरलेलं ओतून द्यायचं नाही. तसं केलं तर आत किती गेलं ते कळतच नाही, कारण फेरोमोन रबर आणि द्रावण यांच्यात आपल्या सोयीने वाटलं जातं, सम प्रमाणात नाही. उरलेलं द्रावण पुढच्या वेळी वापरलंत तर त्याची तीव्रताही बदललेली असते. त्यापेक्षा द्रावण इतकंच घ्या की सेप्ट्यांनी ते सगळं पिऊन टाकावं, थेंबही उरू नये. मग जेवढं फेरोमोन बरणीत घातलं तेवढं सगळं सेप्ट्यांत, भागाकार सरळ.

उदाहरण घेऊ. समजा धुतलेल्या कोरड्या सेप्ट्याचं वजन ४०० मिलिग्रॅम आहे आणि हेक्झेनमध्ये पूर्ण फुगल्यावर ८०० मिलिग्रॅम होतं. म्हणजे एक सेप्टा ४०० मिलिग्रॅम हेक्झेन पितो, म्हणजे ०.६ मिलिलिटर. त्याच्या निम्मं, ०.३ मिलिलिटर द्रावण दर सेप्ट्यामागे घ्या. पन्नास सेप्ट्यांना १५ मिलिलिटर. दर सेप्ट्यात ०.८ मिलिग्रॅम भरायचं असेल तर एकूण ४० मिलिग्रॅम फेरोमोन लागेल. तुमचा माल ९० टक्के शुद्ध असेल तर ४० भागिले ०.९, म्हणजे ४४.४ मिलिग्रॅम वजन करा. त्याच्या पाच टक्के, सुमारे २ मिलिग्रॅम बीएचटी. हे १५ मिलिलिटर हेक्झेनमध्ये विरघळवा, सेप्ट्यांवर ओता, झाकण घट्ट लावा आणि बरणी आडवी करून हळूहळू फिरवत राहा. लहानशी रोलर मशीन असेल तर उत्तम. थोड्या वेळात बरणीत पातळ काही दिसणार नाही, पण तिथे थांबू नका. जे सेप्टे आधी भिजले त्यांनी जास्त पिलेलं असतं. झाकण बंद ठेवून रात्रभर फिरवलं की एकमेकांना घासत, बरणीतल्या वाफेतून आणि ओलाव्यातून वाटणी बरीचशी सारखी होते. झाकणाचा आतला वॉशर रबराचा नको, तोही फेरोमोन पितो. टेफ्लॉनचा लावा. प्लास्टिकची बरणीही नको. माझा सल्ला, हजाराच्या मागे लागण्याआधी पन्नासाची बॅच दोन-तीनदा करून हात बसवा.

वाळवताना घाई नको. पंख्याच्या झोतात सॉल्व्हंट जोरात बाहेर पडतं आणि सोबत फेरोमोनला पृष्ठभागाकडे आणतं. फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात, जाळीवर, एकमेकांना न टेकता, मंद हवेत वाळवा. उन्हात किंवा ओव्हनमध्ये कधीच नाही. सेप्टा पुन्हा मूळ आकाराचा झाला आणि वजन स्थिरावलं म्हणजे सॉल्व्हंट गेलं. मग ते लगेच शेतात नेऊ नका. ॲल्युमिनियमच्या पाउचमध्ये सील करून काही दिवस मुरू द्या, म्हणजे पृष्ठभागाजवळचं फेरोमोन आत सरकून सारखं पसरतं आणि पहिल्या दिवसांतली उधळपट्टी कमी होते. त्यानंतर पाउच फ्रीजरमध्ये. फ्रीजरमधून काढलेलं पाउच गार असताना उघडू नका, ओल धरते.

किती भरावं, याबद्दल लोकांचा एक पक्का गैरसमज आहे, तो इथेच दूर करतो. दुप्पट माल भरला की ल्यूर दुप्पट दिवस चालेल असं वाटतं. तसं होत नाही. १९७९ आणि १९८१ साली बटलर आणि मॅकडोनो या अमेरिकी शास्त्रज्ञांनी नैसर्गिक रबराच्या सेप्ट्यांतून फेरोमोन किती वेगाने उडतं ते मोजून दाखवलं. उडण्याचा वेग आत किती शिल्लक आहे त्याच्या प्रमाणात असतो. म्हणजे अर्धं संपायला ठरावीक दिवस लागतात, उरलेल्याचं अर्धं संपायला पुन्हा तेवढेच. समजा अर्धं संपायला वीस दिवस लागतात. १ मिलिग्रॅमऐवजी २ भरले, तर २ चा १ व्हायला वीस दिवस, आणि पुढे सगळं पहिल्यासारखंच. दुप्पट खर्चात फक्त वीस दिवस मिळाले, आणि सुरुवातीचा झोत दुप्पट झाला तो वेगळा. तो झोत फार मोठा झाला तर काही किडींत पकड उलट घटते. त्याच कामातून दुसरी गोष्टही कळली: साखळीत दोन कार्बन वाढले की अर्धं संपायचा काळ कित्येक पटींनी वाढतो. म्हणून बारा कार्बनच्या फेरोमोनचा ल्यूर लवकर संपतो आणि सोळाचा महिनोन्महिने राहतो. टुटा मधला, चौदाचा.

तापमानाचंही लक्षात घ्या. दहा अंश वाढले की उडण्याचा वेग दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. निफाडच्या थंडीतल्या पहाटे जवळजवळ काहीच सुटत नाही, तेव्हा पतंगही उडत नाही, म्हणून बिघडत नाही. पण एप्रिलमध्ये उन्हाळी टोमॅटोत, पारा चाळिशीला टेकलेला असताना, उन्हात टांगलेल्या सापळ्याच्या आतलं तापमान त्याहून वर जातं. जुलैच्या लागवडीत ल्यूर जेवढे दिवस टिकला, तेवढे दिवस तो उन्हाळ्यात टिकणार नाही. पाउचवर एकच मुदत छापू नका, हंगामागणिक वेगळी सांगा. भारतात टुटा पहिल्यांदा २०१४ मध्ये आढळला, तोही महाराष्ट्रातच. तेव्हापासून आपल्या टोमॅटोवाल्यांनी सापळ्यात पतंग नाही म्हणजे कीड नाही असं धरून फवारणी लांबवली आहे. ल्यूर मेलेला असेल तर हा हिशोब थेट त्यांच्या खिशाला भिडतो. म्हणून मी या भरण्याच्या कामात इतका काटेकोरपणा मागतो.

स्वच्छतेचं थोडक्यात सांगतो, पण हयगय नको. रबर आजूबाजूची वाफ शोषून घेतं. दोन किडींचे ल्यूर एका डब्यात ठेवले की दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि एका किडीचं आकर्षण दुसरीला रोखणारं ठरू शकतं. किडीगणिक बरण्या, चिमटे, ट्रे वेगळे ठेवा, हातमोजे बदला.

आता सुरक्षितता. हेक्झेनच्या वाफेला शून्याखाली वीस अंशांतही पेट घेता येतो. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत लांब जाते आणि कुठल्या तरी स्विचच्या ठिणगीवर भडकते. घरातल्या खोलीत, स्वयंपाकघराजवळ हे काम नको, आणि द्रावणाची बाटली घरच्या फ्रिजमध्ये मुळीच नको, त्याच्या आतला थर्मोस्टॅट ठिणगी टाकतो. सतत हेक्झेन श्वासात गेलं तर हातापायांच्या नसा कायमच्या बधिर होऊ शकतात. शरीरात त्याचं जे २,५-हेक्झेनडायोन होतं ते हे नुकसान करतं. हेप्टेनमध्ये हा धोका बराच कमी, म्हणून ते आधी घ्या म्हटलं. डीसीएम पेट घेत नाही म्हणून लोक बेफिकीर होतात, पण शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो आणि नेहमीच्या निळ्या नायट्राइल मोज्यांतून ते काही मिनिटांत आरपार येतं. फ्यूम हूड नसेल तर कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाशी बोला, पण बंद खोलीत पंखा लावून भागवू नका.

राहिला शुद्धतेचा प्रश्न. त्यासाठी जीसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी गॅस क्रोमॅटोग्राफी, लागेल आणि ती नाशिकमध्ये दुर्मीळ नाही. द्राक्षांच्या निर्यातीमुळे इथे अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, त्यांना हे काम नवीन नाही. फेरोमोनचा नमुना द्या आणि विचारा: एकूण शुद्धता किती, दोन घटकांचं प्रमाण किती, दुहेरी बंधांच्या चुकीच्या रचनेचे रेणू किती. त्याच वेळी बॅचमधले पाच सेप्टे द्या. ते प्रत्येकी वेगळे चिरून, हेक्झेनमध्ये दिवसभर ठेवून, आतलं फेरोमोन मोजून घ्या. पाच आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत असले तर हात बसला समजा. आणखी एक सेप्टा असा द्या की जो चिरायचा नाही, फक्त दहा सेकंद हेक्झेनमध्ये खंगाळायचा. त्या खंगाळलेल्या पाण्यासारख्या हेक्झेनमध्ये एकूण मालाचा मोठा वाटा सापडला, तर अजूनही माल वरच बसतो आहे, पुन्हा वजनांचा तक्ता काढून बसा. घरच्या तराजूवर हे तपासायला जाऊ नका. ४०० मिलिग्रॅम रबरात पाऊण मिलिग्रॅम शोधताना हवेतली ओलसुद्धा आकडा हलवते.

जीसीचा अहवाल येईपर्यंत शेतातली तुलना सुरू करा. तुमचे तीन आणि विकतचे तीन सापळे एकाच प्लॉटमध्ये, एकाच उंचीवर, जमिनीपासून फार वर नाही, ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी मोजणी करून त्यांच्या जागा आपसात बदला, कारण बांधाकडचा सापळा नेहमी जास्त पकडतो आणि तेवढ्याने निकाल फिरतो. पहिल्या आठवड्याचे आकडे सोडून द्या आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचे जुळवा. जुन्या ब्युटाइल बुचांपैकी उरलेली त्याच प्लॉटमध्ये लावू नका, त्यांच्या वासाने तुलना बिघडेल. नैसर्गिक रबर, हेप्टेन आणि पूर्ण पिऊन टाकलेलं द्रावण एवढं बदलून पहिली पन्नासाची बॅच केलीत की फुगण्याचा तक्ता आणि मोजणीचे आकडे घेऊन या. पुढचं प्रमाण त्यावरून ठरवू.